इर्मगार्डवरचा गॅस

बोटीवरचा गॅस मी स्वतः बसवणार, असं ऊर्मिला फणसळकरने जाहीर केलं, तेव्हा गॅसबद्दल कोणीच काही विचारलं नाही. धाकट्या भावाने, सत्यजितने, म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइमहून फोनवर विचारलं, "ताई, तू बरी आहेस ना?" शेजारच्या बोटीवरच्या हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रुन्सनी तिचा विमा कोणत्या कंपनीचा आहे ते विचारलं. हॅम्बर्गमधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर तर कोणीतरी नुसतेच जोडलेले हात पाठवले. ते हात शुभेच्छांचे होते की श्रद्धांजलीचे, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

ऊर्मिला मानी होती. ती शहरातल्या एका वाचनालयात काम करायची, आणि जगातली कुठलीही गोष्ट आधी नीट वाचली की मग करता येते, अशी तिची श्रद्धा होती. पोहायला शिकतानाही तिने ही श्रद्धा सोडली नव्हती. बुडता बुडता वाचली तेव्हा तिने पुस्तकाची आवृत्ती जुनी असल्याचं कारण दिलं होतं.

बोट तिच्या वडिलांची. राजाभाऊ फणसळकरांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या जहाजांची इंजिनं दुरुस्त केली आणि निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी एक जुनी फायबरची बोट घेतली. तिच्यावर आधीच्या मालकाने निळ्या अक्षरांत 'इर्मगार्ड' असं रंगवलं होतं. बोटीचं नाव बदललं की ती बुडते, असं ब्रुन्सनी सांगितलं. आपल्याकडचा एकही अपशकुन आयुष्यात न मानलेल्या राजाभाऊंनी हा जर्मन अपशकुन मात्र विनातक्रार मानला, आणि बोट इर्मगार्डच राहिली. घरात ते तिला इर्माताई म्हणायचे, आणि त्यांच्या पत्नी शोभनाबाई तिला 'ती' म्हणायच्या. "जा तिच्याकडे," एवढंच.

राजाभाऊंना बोट हवी होती ती पाण्यापेक्षा आगीसाठी. हॅम्बर्गमधल्या त्यांच्या प्रत्येक भाड्याच्या घरात विजेची शेगडी होती. काच लाल व्हायची आणि तिच्यावर तवा ठेवायचा. ज्या घरात ज्योत दिसत नाही तिथे स्वयंपाक होत नाही, अन्न गरम होतं, असं ते म्हणत. भाकरी फुगत नाही याचा दोष त्यांनी शोभनाबाईंना कधी दिला नाही, पण दर वेळी भाकरीकडे असं काही बघत की दिला असता तर बरं, असं बाईंना वाटायचं. बोटीवर गॅस येणार होता. जुनी गंजकी नळी काढून त्यांनी फेकून दिली, नवी शेगडी आणून ठेवली, आणि फेब्रुवारीत ते गेले. त्या सकाळी बोटीवरच चहा घेत होते. पाणी विजेच्या किटलीतलं होतं.

त्यानंतर बोटीचं काय करायचं, हा प्रश्न आला. सत्यजितने ब्रेमेनचा एक दातांचा डॉक्टर गिऱ्हाईक म्हणून शोधला. ऊर्मिलाने सांगितलं की बोट विकायची नाही, ती स्वतः तिथे राहायला जाणार आहे. सत्यजित म्हणाला की ज्या बोटीवर धड कपभर चहा होत नाही तिच्यावर माणूस राहत नाही, लपतो. बोट आता आईच्या नावावर होती आणि आई सत्यजितकडे राहत होती. शोभनाबाईंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला: उन्हाळा संपायच्या आत गॅस बसून, तपासून, मान्य झाला तर बोट ठेवायची, नाही तर दातवाल्याला द्यायची. आपण स्वतः मात्र त्या होडीत पाय ठेवणार नाही, हेही त्यांनी त्याच श्वासात सांगून टाकलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. ऊर्मिलाने एखादा कारागीर बोलावलाही असता. पण सत्यजित फोन ठेवता ठेवता म्हणाला, "माणूस लाव ताई. तुला जमणार नाही ते."

तो मोटारींचा इंजिनिअर. एका मोठ्या कंपनीत गाडीच्या बाजूचा आरसा मिटतो कसा, एवढ्याच विषयात त्याने वर्षानुवर्षं घालवली होती. अशा माणसाने जमणार नाही म्हटल्यावर ऊर्मिलापुढे दुसरा मार्ग उरला नाही.

सल्ला द्यायला मात्र सगळे पुढे आले. मराठी मंडळींच्या चहापानाला विमानाच्या कारखान्यात काम करणाऱ्या राजनने तिला बाजूला घेतलं आणि विमानात इंधनाच्या नळ्या कशा टाकतात ते कागदी रुमालावर काढून दाखवलं. ते इतकं निर्दोष होतं की तसं करायला आधी विमान लागलं असतं. तिथल्याच सुरुचीने इंडक्शन घे म्हणून सांगितलं, आणि मग गॅसचे तोटे सांगता सांगता गॅसवरच्या वांग्याच्या भरतावर आली, आणि डोळ्यांत पाणी आल्यामुळे तिला थांबावं लागलं. ब्रुन्स पूर्वी मालवाहू जहाजावर आचारी होते. त्यांचं म्हणणं असं की ही सगळी तपासणी म्हणजे हल्लीची फॅशन आहे. गॅस गळतोय का हे बघायला त्यांच्या काळी काडी ओढत. हो, हो, काडी. मग त्या काळच्या जहाजांचं काय झालं, असं ऊर्मिलाने विचारलं. ब्रुन्सनी बराच वेळ पाण्याकडे बघितलं आणि विषय बदलला.

कचेऱ्यांची गोष्ट वेगळीच. तपासणीस शोधायला गेली तर घरांच्या गॅसवाल्यांनी बोट आमच्याकडे येत नाही म्हणून सांगितलं. ते खरंच होतं. ती कोणाकडेच जात नाही, पाण्यातच असते. कॅरॅव्हॅन तपासणाऱ्या गृहस्थांना चाकं हवी होती. बंदराच्या कचेरीतल्या बाईंनी अत्यंत सौजन्याने विचारलं की बोट राहती आहे की फिरती. दोन्ही, असं ऊर्मिलाने सांगितलं. दोन्ही असं काही नसतं, असं त्या म्हणाल्या. राहती असेल तर त्या त्सुश्टेंडिग नव्हेत, म्हणजे तो त्यांचा विभाग नव्हे. फिरती असेल तर तिच्यावर राहता येणार नाही. या शब्दावर हा देश उभा आहे, असं राजाभाऊ म्हणत: प्रत्येक माणूस कशाला तरी त्सुश्टेंडिग असतो, आणि तुमचं काम नेमकं त्याच्या पलीकडच्या खोलीत असतं. आल्झो, म्हणजे तर मग, पलीकडच्या खोलीत ती गेली. तिथे दुपारची सुट्टी होती.

शेवटी तिला हेर यान्सेन सापडले. फक्त बोटींचाच गॅस तपासणारे, उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ. आधी एकदा येऊन नुसतं बघून जातो, असं ते फोनवर म्हणाले.

ते येईपर्यंत ऊर्मिलाने नियमावली तीनदा वाचली, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्या आणि कामाला लागली. तांब्याच्या नळीला बाक द्यायला शिकताना पहिली नळी जिलबीसारखी झाली, दुसरी निदान चकलीसारखी. तिसरी नळी जशी हवी तशी आली, आणि ती संध्याकाळभर त्या नळीकडे बघत बसली. शेगडीखाली तिने एक सुरेख कपाट केलं, बिजागऱ्या लावल्या, आत सिलिंडर ठेवला. दुसरा सिलिंडर तिने न्हाणीघरात उभा केला आणि त्याच्यावर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल टाकला.

यान्सेन आले, चपला काढायच्या का असं विचारून आत आले, आणि ओट्याखालचं कपाट उघडून खाली वाकले.

"सिलिंडर इथे का आहे?" त्यांनी विचारलं.

सिलिंडर ओट्याखालीच असतो. पुण्यातल्या आत्याकडे, मामाकडे, आजवर पाहिलेल्या प्रत्येक स्वयंपाकघरात तो तिथेच होता. नियमावलीत वेगळी, हवाबंद पेटी लागते, असं लिहिलं होतं. ते तिने वाचलं होतं आणि कपाट तसं हवाबंद केलंही होतं. हात फक्त आपोआप ओट्याखाली गेला होता.

यान्सेननी तिला समजावलं. गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर दाराखालून निघून जाऊ शकतो, पण बोट म्हणजे पातेलं. तो तळाशी साचतो आणि कोणीतरी काडी ओढायची वाट बघत बसतो. म्हणून पेटी बाहेर हवी, मागच्या डेकवर, आणि तिच्या तळाला भोक हवं, जे थेट बोटीबाहेर उघडेल. ही सगळी वाक्यं ऊर्मिलाच्या ओळखीची होती. त्यांच्याच खाली रेघा मारल्या होत्या.

मग त्यांनी हात धुवायला न्हाणीघराचं दार उघडलं.

क्रोशाचा रुमाल त्यांनी दोन बोटांनी उचलला, खाली बघितलं, आणि जसा होता तसा पुन्हा नीट पसरून ठेवला. एक संपला की दुसरा हवा, असं ऊर्मिलाने सांगितलं. आपल्याकडे पाहुणे आलेले असताना एकुलता एक सिलिंडर संपणं ही घराण्याला डाग लागण्यासारखी गोष्ट असते, हे तिला जर्मनमध्ये नीट मांडता आलं नाही. यान्सेननी मान हलवली. दोन ठेवा, म्हणाले, पण दोन्ही त्या पेटीत. आणि रुमाल नको. आपण उन्हाळ्याच्या शेवटच्या शुक्रवारी पुन्हा येऊ शकतो, त्यानंतर पाठीच्या उपचारांसाठी लांब जाणार आहोत, असंही सांगून गेले. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, ब्रेमेनचा दातवाला बोट बघायला येणार होता.

तेव्हा प्रश्न उरला भोकाचा.

तरंगत्या बोटीला आपण होऊन भोक पाडायचं, ही कल्पना ऐकायला सोपी आहे. प्रत्यक्षात ड्रिल हातात घेतल्यावर माणूस पुन्हा एकदा मोजायला बसतो. सत्यजित फोनवर एकदम जर्मनमध्ये गेला. रागावला की तो मराठीतून बाहेर पडायचा. बाबांच्या बोटीला तू भोक पाडणार, एवढंच त्यातलं परत मराठीत आलं. ऊर्मिलाने पेटी बांधली, आतून नीट लेप दिला, नदीचं पाणी कुठवर लागतं ते मोजलं, त्याच्या चार बोटं वर खूण केली आणि डोळे मिटून ड्रिल चालवलं. डोळे उघडले तेव्हा एक स्वच्छ गोल भोक होतं आणि त्यातून पेटीचा आतला लेप दिसत होता. तिला फार आनंद झाला. मोजमाप तिने बाहेरून, छोट्या होडीत बसून केलं होतं, आणि ड्रिलही तिथूनच चालवलं होतं, मागच्या डेकवर कोणी नसताना. आता ती कौतुकाने बघायला मागच्या डेकवर आली, तर पेटीतून भोकापलीकडचा धक्का दिसला. तिच्या वजनाने बोटीचा मागचा भाग खाली गेला. हाक मारल्यावर ब्रुन्सही कौतुकाला आले, आणि ब्रुन्सचं वजन म्हणजे बऱ्यापैकी मोठं कौतुक. भोकातून धक्का दिसायचा बंद झाला आणि नदी आत यायला लागली.

ब्रुन्सनी बोट बाहेर काढायला सांगितलं. बोट म्हणजे इर्मगार्ड; ऊर्मिलाने भोकात आपलं बोट खुपसून ठेवलं होतं ते वेगळं. तिने ब्रुन्सनाच उतरायला सांगितलं, आणि ते उतरताच नदीही उतरली. दुसऱ्या दिवशी पहिलं भोक बुजवून तिने नवं पाडलं, बरंच वर. त्याआधी ब्रुन्सना पाण्याचे दोन भरलेले कॅन देऊन मागच्या टोकाला उभं केलं आणि तसंच उभं राहायला लावून मोजमाप घेतलं. आपण आता एका शास्त्रीय प्रयोगाचा भाग आहोत, असं ब्रुन्स पुढे आठवडाभर धक्क्यावर सगळ्यांना सांगत होते.

रेग्युलेटर लावायच्या दिवशी सत्यजितने व्हिडिओ कॉल केला. मदत म्हणून. सिलिंडरचा नट कुठल्या बाजूला फिरवायचा हे त्याने सांगितलं: घड्याळाच्या दिशेने, त्यात विचारायचं काय. ऊर्मिला म्हणाली की जळणाऱ्या गॅसच्या सिलिंडरला उलटे आटे असतात. सत्यजित हसला. मी इंजिनिअर आहे, अशी त्याने आठवण करून दिली. तिने फोन सिलिंडरसमोर टेकवून ठेवला, काही न बोलता नट उलट्या दिशेला फिरवला आणि तो गपकन बसला. तिकडे स्क्रीन एकदम काळी झाली. नेटवर्क गेलं, असं सत्यजितने नंतर सांगितलं.

हा विजय तिने मनातल्या मनात दोन दिवस साजरा केला. तिसऱ्या दिवशी नळ्यांत हवा भरून दाब बघितला, तर काटा हळूहळू खाली येत होता. कुठेतरी गळत होतं. भांड्यांच्या साबणात मीठ असतं आणि ते पितळेला खातं, असं तिने वाचलं होतं. म्हणून आईने केसांसाठी पाठवलेला रिठा भिजवला आणि त्याचा फेस प्रत्येक सांध्याला लावला. ती घाईने केलेल्या सांध्यांवर डोळे लावून बसली. ते सगळे निर्मळ निघाले. बुडबुडा आला तो तिच्या सर्वांत आवडत्या सांध्यावर, ज्याचा फोटो तिने ग्रुपवर टाकला होता. तांबं मऊ असतं, आवळताना नळी चेपू नये म्हणून तिच्या तोंडात एक छोटं पितळी नळकांडं घालावं लागतं. फोटो काढायच्या नादात ते बाहेरच राहिलं होतं. फोटोत ते शेजारी व्यवस्थित दिसतही होतं. ग्रुपवरच्या बेचाळीस अंगठ्यांपैकी एकालाही ते दिसलं नव्हतं.

तिने सांधा सोडवला आणि पुन्हा केला. त्या दिवशी ती एकदाच रडली, आणि तेही सांध्यासाठी नाही. पाना शोधताना हत्यारांच्या पेटीत राजाभाऊंचा चष्मा सापडला होता. तिने तो पुसला, पुन्हा पेटीत ठेवला आणि काम संपवलं. काटा हलला नाही.

शुक्रवारी सत्यजित आईला घेऊन आला. म्युनिकची गाडी वेळेवर आली, त्यामुळे सगळ्यांची धांदल उडाली. शोभनाबाई धक्क्यावर उभ्या राहिल्या, सलवार-कमीजवर पावसाळी जाकीट, हातात कापडी पिशवी, आणि इर्मगार्डकडे बघत राहिल्या. यान्सेन आलेले होतेच. तेही थांबले.

"फळी धर जरा," शोभनाबाई सत्यजितला म्हणाल्या, आणि चालत आत आल्या. आपण इथे पाय ठेवणार नव्हतो, याची त्यांना कोणी आठवण करून दिली नाही.

यान्सेननी दाब लावला. काट्याकडे सगळे असे बघत होते जसे निकालाच्या दिवशी भिंतीकडे बघतात. काटा जागचा हलला नाही. यान्सेननी काहीतरी लिहिलं. मग ते पेटी बघायला मागे वळले, तर शोभनाबाई तिथे आधीच पोचल्या होत्या. पिशवीतून त्यांनी हळदीकुंकवाची डबी काढली होती, आणि झाकण उघडून तशाच उभ्या होत्या.

थोड्या वेळाने त्यांनी डबी ऊर्मिलापुढे केली. "तू लाव."

ऊर्मिलाला कळलं. फेब्रुवारीनंतर आईने ती डबी उघडलेली नसणार.

"आई, तूच लाव," ती म्हणाली. "बाबांनी तुझ्यासाठीच आणलीय शेगडी."

शोभनाबाईंनी अनामिकेने सिलिंडरला हळद लावली, मग कुंकू, आणि डबी बंद केली. सत्यजित दुसरीकडे बघू लागला.

यान्सेन वाकून सिलिंडरकडे बघत होते. ही लाल खूण कशाची, त्यांनी विचारलं. गळतीची?

ऊर्मिलाने सांगितलं, "आधीच्या तपासणीची. तो विभाग वेगळा आहे."

यान्सेननी मान डोलावली. दुसरा विभाग त्सुश्टेंडिग असू शकतो, हे त्यांना ताबडतोब पटलं. त्यांनी भोक बघितलं, पेटीचं झाकण बघितलं, बुजवलेलं जुनं भोकही बघितलं आणि त्याबद्दल काही विचारलं नाही. मग शेगडी पेटवून बघू, म्हणून ते आत आले.

आत शोभनाबाईंनी शेगडी आधीच पेटवली होती. तिच्यावर दुधाचं पातेलं होतं.

ऊर्मिला पुढे धावली. शेगडीचीच परीक्षा बाकी होती. "आई, आत्ता नको. आधी त्यांना तपासू दे."

"नव्या शेगडीवर पहिलं दूध उतू जातं," शोभनाबाई म्हणाल्या. "मग तुझे साहेब काय तपासायचं ते तपासू देत."

दूध वर यायला लागलं. यान्सेननी शोभनाबाईंना जर्मनमध्ये सावध केलं; दूध उतू चाललेलं बघून शांत राहणं त्यांच्या प्रकृतीत नव्हतं. त्यांचा हात बटणाकडे गेला. शोभनाबाईंनी तळहात आडवा धरला आणि म्हणाल्या, "नाइन." चाळीस वर्षांत त्या जर्मन फक्त भाजीवाल्यापुरतं बोलल्या होत्या, पण ‘नाही’ हा शब्द त्यांना चांगला येत होता.

दूध काठावर थरथरलं, फुगलं, आणि चारी बाजूंनी ओघळलं. ज्योत फुरफुरली आणि विझली.

आता तिथे फक्त एक आवाज होता. सुऽऽ. पेटलेली ज्योत नाही आणि गॅस येतोय. ज्योत विझली की शेगडीने आपण होऊन गॅस बंद करायला हवा. नियमावलीत त्यासाठी मिनिटभराची मुदत दिलेली आहे. ती मुदत वाचताना फार थोडी वाटते. सत्यजितने बटणाकडे झेप घेतली. यान्सेननी त्याचं मनगट धरलं.

"वार्टन," ते म्हणाले. थांबा.

ते थांबले. ऊर्मिलाला सगळं एकदमच आठवत होतं: कोणता सांधा, कोणतं नळकांडं, शेगडीच्या मागची ती केसाएवढी तार, जी तिने चार वेळा सरळ केली होती. उद्या येणारा दातवाला आठवला. तो इथे बसून विजेच्या किटलीत चहा करेल, असं तिला वाटून गेलं. शोभनाबाई हात जोडून उभ्या होत्या, पण शेगडीकडे बघत होत्या की आणखी कशाकडे, ते सांगता आलं नसतं.

टक्.

आवाज थांबला.

यान्सेननी कान जवळ नेला, नाक जवळ नेलं, आणि सरळ उभे राहिले. "गेनाऊ," ते म्हणाले. अगदी बरोबर. एरवी ते ज्योत फुंकून विझवत. दूध ओतून विझवणारी मंडळी त्यांनी पाहिली नव्हती. ही परीक्षा जास्त कडक आहे, असं त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केलं. ऊर्मिलाने जाळी पुसून काढली, काडी ओढली, आणि ज्योत निळी, गोल, पहिल्या फटक्याला उभी राहिली.

यान्सेन टेबलाशी बसून कागद भरू लागले. काम कोणी केलं, त्यांनी न बघता विचारलं.

सत्यजितने तोंड उघडलं. सुरुवात वडिलांनी केली होती, असं काहीसं तो सांगणार होता, आणि ते खोटंही नव्हतं. पण शोभनाबाई मध्येच बोलल्या, जर्मनमध्ये, एकेक शब्द स्वतंत्र उचलून.

"माइने टॉख्टर," त्या म्हणाल्या. माझ्या मुलीने. आणि थोडं थांबून, "आलाइन." एकटीने.

ऊर्मिलाला त्या वेळी काहीतरी शोभेलसं बोलता आलं असतं. तिने बरीच पुस्तकं वाचली होती. पण ती फडकं घेऊन शेगडी पुसत राहिली, जिथे दूध नव्हतं तिथेसुद्धा.

सत्यजित डेकवर गेला. काचेतून त्याचा फोनवरचा आवाज येत होता. बोट विकायची नाही, त्याने ब्रेमेनला सांगितलं. नाही, किमतीचा प्रश्न नाही. तिथे त्याची बहीण राहते. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण तो म्हणाला की गॅस तर तिने स्वतःच बसवलाय, आणि मग, कोणी विचारलं नसताना, उलट्या आट्यांबद्दल पलीकडच्या माणसाला बराच वेळ समजावून सांगू लागला. हे सगळं आपण तिला शिकवलं, असा त्याचा एकूण सूर होता. ऊर्मिलाने ते ऐकलं आणि चालवून घेतलं.

यान्सेननी शिक्का मारला, छोटी गोल पट्टी पेटीच्या झाकणावर चिकटवली आणि उरलेल्या दुधाचा आलं घातलेला चहा घेतला. पुढची तपासणी दोन वर्षांनी, त्यांनी सांगितलं.

शोभनाबाईंनी ते मराठीत करून घेतलं. मग पातेल्याच्या बुडाला लागलेली साय चमच्याने खरवडत म्हणाल्या, "त्यांना सांग, तेव्हा मी येईन. आणि मोठं पातेलं आणेन, हे फारच लवकर गेलं."

ऊर्मिलाने शब्दन् शब्द सांगितलं. यान्सेननी गंभीरपणे वही काढली आणि दोन वर्षांनंतरच्या पानावर लिहून घेतलं.

ते गेल्यावर ब्रुन्स धक्क्यावरून नाक पुढे करून बोटीजवळ आले. कसला तरी वास येतोय, त्यांनी काळजीने सांगितलं. गॅस तर नाही ना गळत?

"नाही," ऊर्मिला म्हणाली. तिने मान ताठ ठेवली होती आणि आवाज असा की शेजारच्या तिन्ही बोटींवर ऐकू जावा. "आमच्याकडे दूध उतू गेलंय."